दोनशे सतरावं कार्ड

दाक्षायणी,

फोन केला तर तुला ऐकू येत नाही. तुझी भाची मधे उभी राहून माझं बोलणं तुला ओरडून सांगते आणि निम्मं स्वतःच्या पदरचं घालते. म्हणून लिहिते.

कॉलेजच्या संगणक विभागाला पंचवीस वर्षं झाली, त्याची स्मरणिका निघतेय. एक तरुण प्राध्यापक घरी येऊन म्हणाला, "बाई, विभाग नव्हता त्या काळातल्या एखाद्या विद्यार्थ्याची संशोधनातली आणि अध्यापनातली कामगिरी हवी. दीडशे शब्दांत." मी तुझी कामगिरी दीडशे शब्दांत लिहिली. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि सगळं मिळून खोटं होतं. फाडून टाकलं. आता हे देणार आहे, छापलं तर छापलं. तुला यातलं पुष्कळ माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

१९७६चा जून. तू बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय संख्याशास्त्र. मी तो शिकवणारी, वय अडतीस. त्या वर्षी अभ्यासक्रमात 'संगणक परिचय' असा एक भाग आला आणि तो माझ्या गळ्यात पडला. सोलापुरात संगणक नव्हता. मी पुण्याला उन्हाळ्यात आठ दिवसांचा वर्ग करून आले होते, हातात सायक्लोस्टाइल नोट्स आणि डोक्यात गोंधळ. तू त्या नोट्स मागून नेल्यास, दोन दिवसांनी परत आणल्यास आणि शिक्षकखोलीच्या दारात उभी राहून, साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "बाई, ह्यात दोन चुका हायत!"

तुझा आवाज. वर्गात तू उत्तर दिलंस की खालच्या मजल्यावरून शिपाई वर यायचा, भांडण कुठं चाललंय बघायला. मुलं तुला 'भोंगा' म्हणायची. मी एकदा वैतागून विचारलं, "घरी काय सगळे बहिरे आहेत का गं?" तू सरळ म्हणालीस, "सगळे न्हाईत. एक हाय."

तो एक म्हणजे तुझा मोठा भाऊ श्रीमंत. वयाच्या चौदाव्या वर्षापासून यंत्रमागावर. छपराखाली तीसचाळीस माग एकदम चालतात, माणूस कानाला तोंड लावून बोलतो. घरी आल्यावरही त्याच्याशी तसंच बोलावं लागायचं. तुमच्या साखर पेठेतल्या दोन खोल्यांत तुझी आई शांतम्मा नुसतं 'जेवायला ये' म्हणाली तरी शेजारचे दोघे उठून उभे राहायचे.

नोट्समधल्या चुका खऱ्या निघाल्या. मी सरळ सांगून टाकलं, शनिवारचा तास तू घे. संगणकाशिवाय संगणक कसा शिकवायचा हे मला सुचलं नव्हतं, तुला सुचलं. आठ मुलांना ओळीत उभं केलंस, प्रत्येकाच्या हातात पाटी. "तुमी मशीनची मेमरी. पाटीवर एका टायमाला एकच आकडा. नवा आला की जुना पुसायचा, कुणी विचारलं तर फक्त पाटीवरचा सांगायचा, मनातला न्हाय." मग फळ्यावरची एकेक ओळ वाचत गेलीस आणि पाट्या बदलत गेल्या. ज्ञानबा नावाचा बार्शीकडचा मुलगा कुरकुरला, "दाक्षायणीबाई, माझ्या पाटीवर दर टायमाला शून्यच का?"

"तू दर टायमाला उशिरा येतोस म्हणून."

शेवटी ज्ञानबाच्या पाटीवर उत्तर आलं. ते हाताने काढलेल्या सरासरीशी जुळलं तेव्हा मुलांनी बाक वाजवले. पुढच्या शनिवारी पदार्थविज्ञानाचे दोघे प्राध्यापक मागे येऊन बसले. मी तर पहिल्यापासून मागेच होते. ही तुझी अध्यापनातली कामगिरी. आमच्या कॉलेजात संगणक पहिल्यांदा कोणी शिकवला, तर तू. विभागाच्या भिंतीवर ज्यांचे फोटो आहेत त्यांनी नव्हे.

त्याच सुमाराला पुण्याच्या एका संगणक केंद्राने विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची स्पर्धा जाहीर केली. नाव लिहीत नाही, ते केंद्र आता त्या रूपात नाहीही. पदवीच्या मुलांनी निबंध पाठवायचा आणि त्यातली आकडेमोड केंद्राच्या संगणकावर करायची. नंतर निवडलेल्या मुलांना तिथला एक वर्षाचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग, विद्यावेतन आणि राहायची सोय. तुला ते हवं होतं. इतकं हवं होतं की एरवी ओरडणारी तू त्याबद्दल हळू आवाजात बोलायचीस. दुधनीच्या एका अडत्याच्या घरून तुला मागणी आली होती. तुझ्या वडिलांनी, मडिवाळप्पांनी, त्यांना सांगितलं होतं, "जुलैपातूर थांबा. पोरगी पुण्याला गेली तर गेली, न्हाईतर बोलू."

तू विषय निवडलास कामगारांच्या कानांचा. मागावर किती वर्षं काढली की किती ऐकू येईनासं होतं? यंत्र नव्हतं, डॉक्टर नव्हता. माझं गजराचं घड्याळ आणि शिंप्याकडची टेप, एवढ्यावर तू संशोधन उभं केलंस. सुट्टीच्या दिवशी म्युनिसिपल शाळेच्या रिकाम्या खोलीत कामगाराला भिंतीकडे तोंड करून बसवायचं, घड्याळ लांबून जवळ आणत जायचं, टिकटिक ऐकू आली की त्याने हात वर करायचा, मग अंतर इंचांत मोजायचं. पहिल्या पंधरा जणांतच तुझ्या लक्षात आलं की लोक खोटं बोलतायत. बहिरा ठरलो तर मालक काढेल ही भीती. म्हणून तू घड्याळ फडक्याखाली धरायला लागलीस, आणि मधूनच ते बंद करून विचारायचीस.

"येतोय का आवाज?"

"येतोय की! झ्याक येतोय."

दारातले हसायचे. "कोंडीबा, बंद घड्याळ ऐकतोय बघा, लई मोठा कान हाय!" तू हसायची नाहीस. बंद घड्याळाला 'हो' म्हणणाऱ्याचं नाव तू यादीतून काढायचीस. चारशे बारांपैकी असे एकसष्ट निघाले. त्यात श्रीमंत होता. मी म्हटलं, अगं, निदान भावाचं तरी ठेव, त्याच्यामुळेच तर हे सुरू झालं. तू म्हणालीस, "त्यो खोटं बोलला, बाई." आणि नावावर रेघ मारलीस.

राहिले तीनशे एक्कावन्न. एकाचं एक कार्ड.

आता हे वाचणाऱ्या तरुणांना कार्ड म्हणजे काय ते सांगायला हवं. पोस्टकार्डाहून लांब, ताठ कागदाचं. त्याला बारीक चौकोनी भोकं पाडायची, कुठल्या जागी भोक आहे त्यावरून यंत्र आकडा ओळखायचं. भोकं पाडायचं मशीन पुण्याला, केंद्राच्याच माणसांच्या हाती. जानेवारीत आपण दोघी सकाळच्या गाडीने पुण्याला गेलो, कार्डं पाडून घेतली, तुझ्या प्रोग्रॅमची चाचणी केली. एका स्वल्पविरामाने तो अडला. तू तो तिथेच शोधून काढलास. पुन्हा यंत्र मिळणार होतं फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी, अकरा ते साडेअकरा. त्यानंतर एकदम एप्रिलमध्ये, आणि निबंध पाठवायची मुदत फेब्रुवारीअखेर. कार्डांची पेटी मांडीवर घेऊन आपण परत आलो.

घरी तू एकेक कार्ड वहीशी ताडून बघितलंस. दोनशे सतरावं चुकलं होतं. रावजी नावाचा कामगार, अडतीस इंच. कार्डावर त्र्याऐंशी पडले होते. मी म्हटलं, काढून टाक ते एक, साडेतीनशेत काय फरक पडतो? तू माझ्याकडे असं बघितलंस, की मीच खाली बघितलं. "तुमीच शिकवलंय, बाई. खोटं असंल तर काढायचं. आमची चूक असंल तर आमी दुरुस्त करायची."

आणि दुरुस्त करणारा घरातच होता. मडिवाळप्पा चादरीच्या नकशीचे पुठ्ठे पाडायचे. सोलापुरी चादरीवरची फुलं, मोर जे काही उठतं, ते मागावर टांगलेल्या भोकांच्या पुठ्ठ्यांवरून. भोक असलं की दोरा वर, नसलं की खाली. त्या धंद्यात चुकलेला पुठ्ठा कोणी फेकत नाही. भोकावर पातळ कागद चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचा, दाबून वाळवायचा, आणि बरोबर जागी नवं भोक पाडायचं. तसा पुठ्ठा पुढे दहा वर्षं चालतो. मडिवाळप्पांनी आयुष्यभर हेच केलेलं. त्यांनी दोनशे सतरावं कार्ड चष्म्याजवळ धरून बघितलं.

"आमचं भोक गोल, ह्येंचं चौकोनी," ते म्हणाले. "बाकी येकच की."

ब्लेडच्या टोकाने त्यांनी दोन चौकोनी भोकं कापली आणि जुनी दोन बुजवली. ठिगळाच्या कडा नखाने इतक्या घासल्या की बोटाला लागेनात. मी तुमच्या घरी होते. शांतम्मांनी दिलेला चहा पीत होते. कार्ड माझ्या हातात दिलं. मी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हटलं, "छान बसलंय हो."

हे वाक्य मी म्हटलं. दीडशे शब्दांत ते बसलं नव्हतं.

मंगळवारी अकराला केंद्रातल्या माणसाने तुझी पेटी यंत्राच्या तोंडाशी लावली. ते यंत्र मिनिटाला शेकड्यांनी कार्डं गिळायचं. खळ त्या वेगाला टिकली नाही. ठिगळ सुटलं, कार्ड आत अडकलं, मागून येणारी त्याच्यावर चढत गेली. पत्रा फाटल्यासारखा आवाज झाला. झाकण उघडलं तर तुझी पन्नासेक कार्डं चुरगळून वळकटी झाली होती आणि कुठल्याशा चाकाला चिंचोक्याची खळ फासली होती. ते यंत्र नंतर आठ दिवस बंद राहिलं. तुझ्यामागे सात जणांची कामं रांगेत होती.

केंद्रप्रमुख आले. शांत माणूस. चिमट्यात दोनशे सतरावं कार्ड धरून त्यांनी विचारलं, "हे कोणी केलं?"

तुला लपवता आलं असतं. तू म्हणालीस, "माझ्या वडिलांनी." त्या गार खोलीत तुझा आवाज घुमला. यंत्रावरचा माणूस म्हणाला, "काय चपलेला ठिगळ लावतात का ते?" रांगेतले दोघे हसले.

"चपलेला न्हाय. चादरीला."

मग प्रमुख माझ्याकडे वळले. "बाई, तुम्हाला हे माहीत होतं?"

मी म्हटलं, "नाही."

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. ते बरं झालं असं मला तेव्हा वाटलं. उरलेली कार्डं केंद्राने ठेवून घेतली, चौकशीचा पुरावा म्हणून, पेटीसकट. परतीच्या गाडीत कुर्डुवाडीला तू डबा उघडलास. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. नेहमीसारखी अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवलीस आणि म्हणालीस, "तुमी व्हय म्हणला असता तर कॉलेजचं कायमचं बंद केलं असतं, न्हाई का?" मला सुचायच्या आधी तू मला सबब दिलीस, आणि मी घेतली.

चार दिवसांनी प्राचार्यांनी माझ्याकडून केंद्राला पत्र लिहून घेतलं. 'सदर प्रकार विद्यार्थिनीने परस्पर केला. विभागास कल्पना नव्हती.' खाली माझी सही. प्राचार्यांच्या माथी मारणार नाही, मजकूर माझाच होता. कॉलेजला एप्रिलची वेळ मिळाली. तुझं नाव तिकडे नुकसान करणाऱ्यांच्या नोंदवहीत गेलं.

तरीही तू निबंध पुरा केलास. वह्या होत्या की. साखर पेठेतल्या सहा मुलींना तू दर रविवारी फुकट गणित शिकवायचीस, सातवीआठवीतल्या. त्यांना ओसरीवर बसवलंस आणि पाट्यांचाच खेळ लावलास. एकीने वर्ग काढायचा, दुसरीने बेरीज धरायची, तिसरीने तपासायची. गुरम्मा नावाची तेरा वर्षांची पोर सर्वांत कडक. ती मलासुद्धा म्हणाली, "बाई, हातचा इसरला." तीनशे एक्कावन्न कामगार, प्रत्येकाचे दोन आकडे, त्यांचे वर्ग, गुणाकार, बेरजा, अकरा दिवस. जे यंत्राने तीन मिनिटांत केलं असतं ते. अठ्ठावीस तारखेला निबंध रजिस्टरने गेला. निष्कर्ष सरळ होता. पंधरा वर्षं मागावर काढलेल्या माणसाचं ऐकणं निम्म्याहून खाली येतं, आणि पहिली पाच वर्षं सर्वांत जास्त खातात. ही तुझी संशोधनातली कामगिरी. स्पर्धेत 'उल्लेखनीय' म्हणून प्रमाणपत्र आलं. ते कॉलेजच्या फलकावर महिनाभर होतं, निबंध आमच्या वार्षिक अंकात छापला आणि सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. मीही.

जूनमध्ये तू वर्गासाठी अर्ज केलास. उत्तर एका ओळीचं आलं. उपकरणाच्या नुकसानीस कारणीभूत झालेल्या विद्यार्थ्यांचा विचार होणार नाही.

तू ते घेऊन माझ्या घरी आलीस. रागावली नव्हतीस. तू काहीतरी मागायला आली होतीस, आणि इतक्या वर्षांत तेवढं एकदाच मागितलंस.

"बाई, तुमी पुण्याला जा. त्यास्नी सांगा तुमाला ठावं होतं. आन् माझी पेटी घिऊन या. अप्पा सारखं इचारतात, माझा पुठ्ठा कुटं हाय म्हणून. त्यास्नी बघायचंय कुटं चुकलं ते. पंधरा जुलैपातूर झालं तर माझा अर्ज परत बघतील. मी पत्र लिहून इचारलंय."

मी म्हटलं, "जाते गं. जाते." त्या पंधरवड्यात माझ्या मुलीला ताप होता हे खरं. तिचा ताप सहा तारखेला उतरला हेही खरं.

सोळा जुलैला दुधनीची माणसं आली. तू नाही म्हणालीस, आणि त्यांनीही फार आग्रह केला नाही.

पुढचं मला लिहायचं नव्हतं, पण लिहिते. वार्षिक अंक अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखानदाराच्या हाती पडला. नाव देत नाही. त्याने निबंध नीट वाचला, इतका नीट माझ्या सहकाऱ्यांनीही वाचला नव्हता. दिवाळीआधी त्याने आपल्या कामगारांना एकेक करून खोलीत बोलावलं. फडक्याखाली घड्याळ, मधेच बंद. बंद घड्याळाला 'हो' म्हणतील ते घरी. नऊ जण गेले. त्यात श्रीमंत होता. बंद घड्याळ त्याला दुसऱ्यांदाही ऐकू आलं.

तुझ्या तोंडावर कोणी काही बोललं नाही. शांतम्मा मला म्हणाल्या, "पोरीनं घड्याळ कशाला धरलं, बाई? आमाला म्हाईत हुतंच की त्येला ऐकू येत न्हाई." तू त्याच कारखान्यात हजेरी लिहायला लागलीस. घरात एक पगार गेला होता, एक यायला हवा होता. मालक म्हणाला, शिकलेली मुलगी आहे, बरं झालं. तुझं टेबल मागांच्या शेडमध्येच होतं, दाराशी.

१९७९च्या मे महिन्यात तू मला नवी पेठेत भेटलीस. मी साडी घेत होते. तू पिशवीतून आलेखाचा कागद काढून काउंटरवर, माझ्या साडीवर पसरलास. दुकानदार म्हणाला, "ओ ताई, डाग पडंल." तू लक्ष दिलं नाहीस, किंवा तुला ऐकू आलं नाही.

"दर महिन्याच्या एक तारखेला मी माझाच कान मोजतीय, बाई. गुरम्मा घड्याळ धरती, मी भिंतीकडं तोंड करती. कामाला लागले तवा चौऱ्याण्णव इंच हुतं. आता एकाहत्तर." रेघ खाली उतरत गेली होती. "निबंधात लिवलं हुतं की, पयली पाच वर्षं जास्त खातात. बरोबर हाय ते. तीनशे बावन्नावी नोंद म्हणून घालता यील."

मी म्हटलं, सोड ती नोकरी.

"सोडून कुटं जाऊ? त्या वर्गाला वयाची अट पंचवीसची हाय. मला अजून दोन वर्सं हायत. तुमी येकदा जाऊन या की. आता जूनमदी जा. पेटी फेकली नसंल त्यांनी, नंबर घालून ठिवतात, मी बघितलंय. माझा नंबर एकोणचाळीस."

"या जूनला नक्की," मी म्हटलं. तू जवळ सरकून कान पुढे केलास, आणि मी तेच वाक्य मोठ्याने परत म्हटलं. दुकानातल्या सगळ्या बायकांनी वळून बघितलं.

त्या जूनमध्ये मी पुण्याला गेले. भाचीचं लग्न होतं. केंद्रप्रमुखांना लिहिलेलं पत्र पर्समध्ये होतं, चार ओळींचं, खरं. 'कार्ड दुरुस्त केलेले मला माहीत होते. मी ते पाहून संमती दिली होती. विद्यार्थिनीचे नाव काढावे. पेटी क्रमांक एकोणचाळीस या पत्रासोबत माझ्याकडे द्यावी.' दोन दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपले होते, मला वेळ होता. रिक्षाने वीस मिनिटं. मी चुलतबहिणीबरोबर तुळशीबागेत जाऊन बांगड्या घेतल्या.

सोलापूर स्टेशनावर उतरले तर जिन्याशी मडिवाळप्पा उभे. तू पाठवलं होतंस. पेटी जड असते, म्हणून खांद्यावर घ्यायला फडकं आणलं होतं. त्यांनी माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं, मग हमालाच्या डोक्यावरच्या ट्रंकेकडे.

"त्यात हाय व्हय, बाई?"